सलामीचं बटण

नोकरीची तेहतीस वर्षं मी सरकारी परिपत्रकांचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर केलं. मला न समजलेला मजकूर इतरांनाही समजणार नाही अशा मराठीत आणून ठेवणं, असं त्या कामाचं साधारण स्वरूप होतं. निवृत्तीच्या दिवशी मला शाल मिळाली, श्रीफळ मिळालं आणि यातून सुटलो असं वाटलं. पण गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या वाचनालयातला संगणक एका सोमवारी सुरू व्हायचं सोडून काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी दाखवत बसला, तेव्हा खोलीतली सगळी माणसं संगणकाकडून वळून माझ्याकडे बघू लागली.

आमची सोसायटी हडपसरच्या पुढे, मांजरीच्या अंगाला आहे. मागच्या कुंपणापलीकडे उसाचा एक तुकडा अजून शिल्लक आहे. त्याचा मालक आमच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेल्या कपड्यांकडे ज्या नजरेनं बघतो, त्यावरून इथे पाहुणे कोण हे त्याच्या मनात पक्कं असावं. तळमजल्यावर सायकली ठेवायची एक खोली होती. लोकांच्या सायकली गेल्या आणि घराघरांतली पुस्तकंही नकोशी झाली, म्हणून त्या खोलीत भिंतीभर कपाटं ठेवून वाचनालय काढलं.

ते सांभाळतात एक निवृत्त बाइंडर. पेठेत त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं, आजोबांच्या वेळेपासून. मुलगा खराडीला नोकरीला लागला, दुकानाची इमारत पडली आणि हे मुलाबरोबर इकडे आले. येताना पुस्तकं शिवायची लाकडी चौकट, एक जड लोखंडी दाबयंत्र आणि अंगाला खळीचा वास एवढं घेऊन आले. मी त्यांना बाइंडरसाहेब म्हणतो, ते मला साहेब म्हणतात. आम्ही दोघंही आयुष्यात कधी साहेब नव्हतो, त्यामुळे कुणाची हरकत नाही.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्यांना काचबिंदू सांगितला. "जेवढी नजर आहे तेवढी टिकवू, गेलेली परत येणार नाही," असं म्हणाले. बाइंडरसाहेबांनी त्यावर ठरवलं की नजर आहे तोवर वाचनालयाची पक्की यादी करायची. दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात, खराडीच्या कंपनीत काम करतात. अमेरिकेतल्या लोकांची यंत्रं बिघडली की ते यांना विचारतात. त्यांनी ऑफिसातून मोडीत निघालेला एक संगणक आणून दिला. तो इतका जुना होता की नेहमीची प्रणाली त्याला पेलेना, म्हणून त्यांनी लिनक्स नावाच्या प्रणालीचा एक हलका प्रकार त्यावर घातला.

"हलका म्हणजे?" आमच्या अध्यक्षांनी संशयानं विचारलं.

"म्हणजे फार काही मागत नाही तो, काका."

जो फार काही मागत नाही तो काम काय करणार, असा भाव अध्यक्षांच्या चेहऱ्यावर बराच वेळ राहिला. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्या हातून धरणं किती झाली मला ठाऊक नाही, पण कोनशिला पुष्कळ झाल्या असं तेच सांगतात.

यादीचं काम चौदा महिने चाललं. एका हातात भिंग, दुसऱ्या हाताचं एक बोट कीबोर्डवर. पुस्तकाचं नाव, लेखक, साल आणि शेवटी "शेरा" असा रकाना. खरी यादी त्या शेऱ्याच्या रकान्यात होती. एका कादंबरीपुढे लिहिलं होतं, "मधल्या पानावर हळदीचा डाग. बाकी पुस्तक न वाचलेलं." एका जाडजूड समीक्षाग्रंथापुढे, "पहिल्या चाळीस पानांनंतर जुळलेली पानं कापून सुटी केलेली नाहीत. मालक प्राध्यापक होते." एका प्रवासवर्णनापुढे, "आत पीएमटीचं तिकीट सापडलं. तिथेच ठेवलं आहे, त्यांना उतरायचं असेल तेव्हा लागेल." आणि एका जुन्या शब्दकोशापुढे, "शिवण माझ्या वडिलांची. उसवू नये."

यादी संगणकात गेली तसतशी जुन्या नोंदवहीची गरज संपली. बाइंडर माणूस कागद टाकत नाही. पुस्तकाच्या पाठीला आतून कागदाचं अस्तर लावावं लागतं. त्यांनी वहीची पानं सोडवून, पट्ट्या कापून, दुरुस्तीला आलेल्या पुस्तकांच्या पाठींना आतून चिकटवली. म्हणजे आमच्या वाचनालयाची आधीची संपूर्ण यादी वाचनालयातच आहे, पण पुस्तकांच्या आत, खळीनं चिकटलेली, वीतभर लांब आणि दोन बोटं रुंद अशा तुकड्यांत.

हे सगळं त्या सोमवारी एकदम महत्त्वाचं झालं, कारण पुढच्या रविवारी अध्यक्षांनी "डिजिटल ग्रंथसंपदा प्रकल्पा"चं उद्घाटन ठेवलं होतं. फलक छापून आला होता. त्यावर प्रमुख पाहुणे होते, त्यांच्याहून थोडे मोठे अध्यक्ष होते आणि कोपऱ्यात एक संगणक होता, जो आमचा नव्हता.

सोमवारी दुपारी समितीची तातडीची बैठक झाली. मी पडद्यावरच्या ओळींचं भाषांतर वाचून दाखवलं आणि ते इतिवृत्तात घेण्यात आलं. सवय जात नाही. "अनपेक्षित विसंगती आढळून आली असून तपासणी हाताने करण्यात यावी." "नोंदीनुसार सदर डिस्कची मागील जोडणी भविष्यकाळात झालेली आहे." "सुरुवातीचे काम सुरू आहे, कालमर्यादा नाही." आणि सगळ्यात खाली, "आपण आणीबाणीच्या स्थितीत आहात. देखभालीकरिता मूळपुरुषाचा परवलीचा शब्द द्यावा."

कालमर्यादा नाही, यात बिघाड काय ते अध्यक्षांना कळेना. "आमच्याकडे सगळी कामं अशीच असायची," ते म्हणाले. आणीबाणीवरून दोन सभासदांचं भांडण होऊन त्यातला एक चहा न घेता गेला. आणि भविष्यकाळातल्या जोडणीवर, पत्रिका बघणाऱ्या एका सभासदांनी मान हलवली व यंत्र नेमकं कोणत्या दिवशी घरात आलं ते विचारलं.

अध्यक्षांनी तोवर हडपसरच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला होता. फोन स्पीकरवर होता.

"फॉरमॅट मारून देतो साहेब. मशीन एकदम मक्खन चालेल."

"आणि आतलं?" मी विचारलं.

"आतलं जाईल. पण नवीन टाकता येतं की."

अध्यक्षांनी निर्णय दिला. शनिवारी दुपारी एकपर्यंत संगणक सुरू झाला तर उत्तम. नाहीतर दुरुस्तीवाला येऊन घेऊन जाईल, संध्याकाळी कोरा करून आणून देईल. रविवारी पाहुणे कळ दाबणार आणि पडद्यावर काहीतरी उमटलं पाहिजे. काय उमटतं हा तपशील आहे.

बाइंडरसाहेब खुर्चीत पुढे सरकले. "अध्यक्षसाहेब, आत माझी यादी आहे."

"पुन्हा करता येईल की हो. एकदा जमलं ते दुसऱ्यांदा सोपं जातं."

"एकदा केली तेव्हा मला पुठ्ठ्यावरचं नाव दिसत होतं. आता कुणी वाचून दाखवलं तर टाइप करीन. तुम्ही वाचाल का? साडेतीन हजार पुस्तकं आहेत."

अध्यक्ष म्हणाले की त्यासाठी उपसमिती नेमता येईल. मग त्यांना दुसरं सुचलं. "जुनी यादी पुस्तकांच्या पाठीत आहे ना? मग पाठी उसवा."

"उसवतो. रविवारी पाहुण्यांना सुटी पानं दाखवू. झाडूवाल्यालाही निमंत्रण द्या."

बैठक तिथेच संपली.

दुसऱ्या मजल्यावरच्या बाई रात्रभर काम करून सकाळी झोपतात, म्हणून मी पडद्याचा फोटो पाठवून ठेवला. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"काका, तुम्ही लास्ट लाइनचा फोटो पाठवलाय. मला पहिली पाहिजे."

"शेवटची ठळक होती."

"सगळे हेच करतात. लास्ट लाइन ओरडत असते ना, म्हणून लोक तिच्याकडे बघतात. मूळ घोळ पहिल्या ओळीत असतो, बाकी सगळी त्याची पिलावळ. पहिली ओळ शोधा. आणि कुणालाही काही टाइप करू देऊ नका. अध्यक्षकाकांना तर अजिबातच."

ओळी भराभर वर सरकून जात होत्या. मोबाइलवर चित्रफीत काढायचा प्रयत्न आम्ही केला, पण ती अध्यक्षांनी काढली आणि कॅमेरा त्यांच्याच बाजूचा चालू होता. त्यामुळे आमच्याकडे आता, अंधुक प्रकाशात गंभीर होत जाणारा अध्यक्षांचा चेहरा, असा पाऊण मिनिटाचा ऐवज आहे. तो त्यांनी मागून घेतला.

मग गुरुवारी सकाळी मी एक योजना काढली. तिचा मला आजही थोडा अभिमान आहे, निष्पत्ती काही असो. संगणकासमोर पाच खुर्च्या, पाच सभासद, पाच पेन्सिली. पहिल्यानं फक्त पहिली ओळ वाचून लिहायची, दुसऱ्यानं दुसरी, याप्रमाणे. पहिली ओळ अध्यक्षांनी पदसिद्ध म्हणून घेतली. बाइंडरसाहेबांनी यंत्र सुरू करायचं.

यंत्र सुरू झालं, ओळी धावल्या, थांबल्या. मी कागद गोळा केले. दुसऱ्या क्रमांकाच्या सभासदांनी आपली ओळ निम्मी सोडून शेजाऱ्याची घेतली होती, कारण ती जास्त रंगतदार वाटली. तिसऱ्यांनी "ओके" एवढंच लिहिलं होतं आणि एवढ्यासाठी आपल्याला सकाळी बोलावलं याबद्दल खाली दोन ओळी लिहिल्या होत्या. चौथ्यांचा चष्मा लांबचा होता. पाचव्यांनी सहावी ओळ लिहिली, कारण पाचवी त्यांच्या मते पुरेशी थांबली नाही. अध्यक्षांच्या कागदावर होतं, "पहिली ओळ समाधानकारक."

"पण होतं काय त्या ओळीत?"

"मी एकंदर स्वरूप सांगितलं."

पुन्हा एकदा करू, असं ठरलं. या खेपेला मी खुर्च्यांमागे न थांबता बाइंडरसाहेबांच्या खांद्याशी उभा राहिलो. त्यांनी कळ दाबली. यंत्रानं टुंग असा बारीक आवाज केला. त्याबरोबर त्यांचं बोट सवयीनं कीबोर्डच्या वरच्या रांगेत, अगदी डावीकडे गेलं, एक बटण दाबून परत आलं, आणि मग ओळी धावायला लागल्या.

"आत्ता काय दाबलंत?"

"ते रोजचं आहे. सलामीचं बटण."

"म्हणजे?"

"ते टुंग करतं, आपण दाबायचं, मग ते पुढे जातं. दुकानात आमचे वडील कटिंगचं मशीन सुरू करताना आधी चाकाला हात लावून कपाळाला लावायचे. मला वाटलं, याचीही काही रीत असेल."

"हे कधीपासून?"

"चारेक महिने झाले असतील. आधी नव्हतं करत."

"त्या वेळी पडद्यावर काही लिहिलेलं असतं का?"

"असतं काहीतरी. भिंग लावून वाचेपर्यंत वेळ जातो. बटण दाबलं की जातं ना ते." मग म्हणाले, "मला कुणी विचारलं नाही, साहेब. तुम्ही सगळे खालचं वाचत होतात."

तिसऱ्यांदा यंत्र सुरू केलं. टुंग झालं. त्यांचं बोट निघालं आणि मी मनगट धरलं. पडदा थांबला होता. धावणं नाही, आणीबाणी नाही. वरच्या कोपऱ्यात एकच वाक्य होतं, आणि कुणीतरी ते वाचेपर्यंत ते दिवसभर थांबायला तयार दिसत होतं. "तारीख व वेळ निश्चित केलेली नाही. पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा."

तेहतीस वर्षांत इतकं नेमकं आणि सभ्य इंग्रजी माझ्याकडे भाषांतराला आलं नव्हतं. चार महिने ते रोज सकाळी येऊन उभं राहत होतं आणि आम्ही रोज त्याला नमस्कार करून घालवत होतो.

"ही पहिली ओळ नव्हे," अध्यक्ष मागून म्हणाले. "ही प्रस्तावना झाली."

बाई झोपेतून उठायच्या वेळी मी फोन केला. त्यांनी सांगितलं तसं आत जाऊन तारीख बघितली. एक जानेवारी, आणि साल असं की त्या साली आमची सोसायटी ऊस होती.

"झालं काका. आतला सेल गेलाय. मनगटी घड्याळात असतो तसा गोल, चपटा, जरा मोठा. यंत्राला वाटतंय अजून तेच साल आहे. आणि सुरू झाल्यावर नेटवरून खरी तारीख घेऊन डिस्कवर नोंद केलीय गेल्या आठवड्याची. म्हणून ते म्हणतंय, भविष्यकाळात जोडलेली." भविष्याचा उलगडा असा दोन वाक्यांत झाला. पत्रिकावाल्या सभासदांना मी तो कळवला नाही. "पण एक विचारू? नुसता सेल गेला तर रोज तारीख जात नाही. भिंतीतली वीज चालू असली की त्यावर घड्याळ चालतं. रोज कुणी मेन स्विच बंद करतं का?"

मी भिंतीकडे बघितलं.

दारालगत, मेन स्विचच्या वर, चौकटीत बसवलेली एक सूचना आहे. होती. पांढरा जाड कागद, काळी शाई, वळणदार अक्षर. "शेवटी जाणाऱ्याने दिवे, पंखे व संगणक बंद करून ताबडतोब मेन स्विच बंद करावा. विसरलो, ही सबब ऐकून घेतली जाणार नाही. आज्ञेवरून." अक्षर माझं होतं. मजकूर माझा होता. आज्ञा कुणाची, हे मीही कधी ठरवलं नव्हतं, पण त्याशिवाय सूचना उघडी वाटते. दोन वर्षांपूर्वी एकदा पंखा रात्रभर चालू राहिला, त्यानंतर मी ती लावली होती आणि समितीनं माझं कौतुक केलं होतं.

"काका? आहात ना?"

"बघतो, कोण करतं ते."

"बघा. आणि शटडाउन पूर्ण व्हायच्या आत मेन बंद केला तर डिस्कची पार वाट लागते. तेच झालंय बहुतेक. आता तारीख लावा, वीज चालू ठेवा, हात लावू नका. मी शनिवारी सकाळी सेल घेऊन येते."

मी फोन ठेवला आणि बाइंडरसाहेबांना विचारलं, रोज दुपारी बारा वाजता संगणक बंद केल्यावर ते किती वेळ थांबतात.

"थांबायचं कशाला?" ते म्हणाले. "ताबडतोब लिहिलंय ना तुम्ही."

त्या दुपारी मी स्विचवर चिकटपट्टी लावली. बाइंडरसाहेब दारात बराच वेळ घुटमळत उभे राहिले. दिवा बंद, पंखा बंद, आणि स्विच चालूच. एखाद्याला दार उघडं टाकून गावाला जायला सांगावं तसा त्यांचा चेहरा झाला होता.

शुक्रवारी पुन्हा बैठक. बिघाडाचं कारण इतिवृत्तात यायला हवं, असं अध्यक्षांनी सांगितलं. त्यांनी मसुदा आणला होता. "यंत्र हाताळणाऱ्या व्यक्तीचा निष्काळजीपणा." इतिवृत्त मी लिहितो. पेन हातात होतं. बाइंडरसाहेब समोर बसले होते आणि नजर अंधुक असली तरी कान शाबूत होते.

मी म्हणालो, "कारण ते नाही. कारण माझी सूचना आहे. तिच्यात लिहिलं होतं तसंच त्यांनी दोन वर्षं केलं, म्हणून यंत्र बिघडलं."

अध्यक्षांनी मसुदा घडी करून पुन्हा उलगडला.

"सूचना समितीनं मंजूर केलेली आहे," ते म्हणाले. "माझ्या सहीनं. ती चुकीची असू शकत नाही. तिचं पालन चुकीचं झालं."

"पालन तंतोतंत झालं."

"मग तंतोतंत व्हायला नको होतं!"

मी इतिवृत्तात लिहिलं, "सूचनेचे तंतोतंत पालन झाल्याने बिघाड झाला." अध्यक्षांनी ते वाचलं. त्यात आपल्याविरुद्ध काही आहे की नाही हे त्यांना ठरवता येईना आणि त्यांनी सही केली.

शनिवारी सकाळी बाई आल्या. रात्रपाळी करून, केस वर बांधून, हातात घड्याळवाल्याकडून घेतलेला सेल. तो त्यांनी दोन मिनिटांत बसवला. मग त्या म्हणाल्या, "आता रूटचा पासवर्ड. मी तेव्हा काकांना लिहून दिला होता."

मूळपुरुषाचा परवलीचा शब्द अध्यक्षांकडे होता. निविदेसारखा लिफाफ्यात, लाखेनं मोहोर करून. तो फोडायचा तर समितीचा ठराव हवा आणि ठरावाला गणपूर्ती हवी. एक सभासद मांजरीला लग्नाला गेले होते. गणपूर्ती एकानं कमी पडत होती. साडेदहा वाजले होते, एक वाजता दुरुस्तीवाला येणार होता.

"काका, मी फोडू का लिफाफा?" बाईंनी जांभई दिली.

"नियम आहे," अध्यक्ष म्हणाले. "सभा तहकूब करायची. अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी पुन्हा भरवायची. तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही."

त्याप्रमाणे सभा तहकूब झाली. आम्ही सगळे त्याच खुर्च्यांवर अर्धा तास बसून राहिलो. मध्येच एकजण बाहेर जाऊन आला, म्हणजे पुन्हा भरल्यासारखं वाटावं. बाई कपाटाला डोकं टेकून झोपल्या. बाइंडरसाहेब गुडघ्यावर हात ठेवून संगणकाच्या दिशेनं बघत होते. अकरा वाजता सभा भरली, ठराव झाला, लाख फुटली.

शब्द अध्यक्षांनी स्वतः टाइप करायचा हट्ट धरला. त्यांनी एक अक्षर दाबलं. पडद्यावर काहीच आलं नाही. दुसरं दाबलं.

"उमटत नाही."

"उमटणार नाही काका. तसंच असतं. ते गुपचूप घेतं."

"मग मी काम करतोय हे कळणार कसं?"

तीनदा चुकल्यावर ते बाजूला झाले आणि बाईंनी तो शब्द टाइप केला. मग त्यांनी तपासणीचा हुकूम दिला आणि यंत्र एकेक प्रश्न विचारू लागलं. दुरुस्त करू का? हो असेल तर वाय दाबा. "असे शेकड्यानं येतील," बाई म्हणाल्या. "मी त्याला सांगते, सगळ्याला आपोआप हो म्हण."

"नको," बाइंडरसाहेब म्हणाले. "काय काय उसवलंय ते मला कळू दे."

ते पुढे बसले. बोट वायवर ठेवलं. मी शेजारी बसून वाचू लागलो, मराठीत.

"अमुक क्रमांकाच्या नोंदीचा धनी सापडत नाही. दुरुस्त करू?"

"करा."

"या गठ्ठ्यावर दोन नोंदी हक्क सांगतात. वेगळे करू?"

"करा."

"यास पत्ता नाही. हरवले-सापडले खात्यात ठेवू?"

"ठेवा, ठेवा. फेकू नका म्हणावं."

असं तासाभराहून जास्त चाललं. दुरुस्तीवाला पाऊण वाजताच पिशवी घेऊन आला, दारात उभा राहिला आणि हो, हो, करा, ठेवा, ऐकत थोड्या वेळानं त्यानं शेजारच्या सभासदाला हळूच विचारलं, "सोयरीक चालू आहे का काही?" त्याला खुर्ची दिली. एक वाजून पाच मिनिटांनी अध्यक्षांनी घड्याळाकडे बघितलं, तेव्हा तो दुरुस्तीवालाच म्हणाला, "थांबा की साहेब. एवढं हो म्हणतोय माणूस."

प्रश्न संपले. यंत्र पुन्हा सुरू केलं. टुंग झालं नाही. बाइंडरसाहेबांचं बोट हवेत थांबलं, सलामीची गरज नव्हती. एकही ओळ न ओरडता निळा पडदा आला.

यादी जिथे असायची तिथे नव्हती.

बाई आता पूर्ण जाग्या झाल्या होत्या. त्यांनी ते हरवले-सापडले खातं उघडलं. तिथे बेवारस सामान पडलं होतं, कशालाच नाव नाही, नुसते आकडे. पहिलं उघडलं, उद्घाटनाच्या फलकाचा नमुना. दुसरं उघडलं, अध्यक्षांचं स्वागतपर भाषण, दुर्दैवानं पूर्ण. तिसरं उघडलं आणि रकाने दिसले.

बाइंडरसाहेबांनी भिंग काढलं. सुरुवात बघितली नाही. बाईंना म्हणाले, "खाली चला. अजून खाली. श." शब्दकोशाची ओळ आली तसे ते पडद्याला नाक लागेल इतके वाकले. मला ते मोठ्यानं वाचायची गरज नव्हती. ते तसेच वाकून राहिले आणि मग म्हणाले, "आहे. उसवलं नाही."

शेवटच्या आठवड्यातल्या नोंदी गेल्या होत्या. त्या मी वाचून द्यायच्या असं ठरलं, उपसमिती न नेमता. बाईंनी यादीच्या दोन प्रती काढल्या, एक त्यांना दिली, एक मला. दुरुस्तीवाल्यानं जाताना बाइंडरसाहेबांशी हात मिळवला.

रविवारी पाहुणे दीड तास उशिरा आले. त्यांनी कळ दाबली, निळा पडदा आला, टाळ्या झाल्या. हलक्या प्रणालीवरून त्यांनी हलक्याफुलक्या प्रशासनावर वीस मिनिटं भाषण केलं आणि मग अध्यक्षांना विचारलं, यात पेपर वाचायला येतो का. कळ दाबायच्या आधी अध्यक्षांनी एफ-वनच्या बटणाला हळदकुंकू लावलं होतं. ते काढायला नंतर मला खोडरबर वापरावं लागलं.

बारा वाजून गेले, मंडळी पांगली. शेवटी आम्ही दोघं उरलो. दिवे बंद केले, पंखा बंद केला, संगणक बंद करून त्याचा घुं घुं आवाज पूर्ण थांबेपर्यंत उभे राहिलो. त्यांचा हात सवयीनं मेन स्विचकडे गेला, चिकटपट्टीला लागला आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी स्टुलावर चढून सूचना चौकटीसकट खाली काढली.

त्यांनी कागद चौकटीतून सोडवला आणि अंगठा व बोटाच्या मध्ये चोळून बघितला. "कागद छान आहे. अक्षरही चांगलं आहे तुमचं," ते म्हणाले. "नाहीतर एवढं कोण पाळतं?" आणि तो कागद बगलेत घालून गेले.

पुढच्या आठवड्यात मी राहिलेल्या नोंदी वाचून देत होतो आणि ते एका बोटानं टाइप करत होते. एक पुस्तक त्यांनी नव्यानं बांधलं होतं, अजून खळीचा ओलसर वास होता. नाव सांगितलं, लेखक सांगितला, साल सांगितलं. शेरा ते स्वतःच टाइप करू लागले. मी पडद्याकडे बघत होतो.

"पाठीला आतून सूचनेचं अस्तर. सूचना पाळू नये."